टेस्टर दोन्ही भोकांत पेटला

जुलै महिना. कोल्हापुरातला राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. उद्यमनगरात एका वर्कशॉपची मोटर उतरवत होतो, तेवढ्यात मंगळवार पेठेतल्या एका ओळखीच्या पोराचा फोन आला.

"काका, घरातली लाईट गेलीय आणि मशीननं मला फेकलं."

"लाईट गेलीय तर फेकलं कुणी?"

"तेच कळंना झालंय."

मशीनला हात लावू नको, मेन स्विच पाड, एवढं सांगून गाडीला किक मारली.

पोरगं इंजिनिअरिंग करतंय. मागच्या खोलीत ४० वॅटचं सीओटू लेझर मशीन मांडलंय. चायनाचं, निळ्या-पांढऱ्या पत्र्याचं. लाकडी नेमप्लेट, अ‍ॅक्रिलिकच्या ट्रॉफ्या, चामड्याच्या कीचेनवर नावं, असली हौशी कामं. दारात पोचलो तर शेजारच्या घरात टीव्ही चालू. म्हणजे लाईट गल्लीची गेली नव्हती, यांच्याच घरची गेली होती.

मेन चालू केला. एकही दिवा लागला नाही. मशीनच्या बोर्डात टेस्टर घातला. फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीच्या भोकात पेटला. न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या वायरीच्या भोकातही पेटला. हे ओळखीचं दुखणं: न्यूट्रल मागं कुठंतरी तुटलाय, आणि फ्रीज, दिवे यांच्यातनं आलेला फेज परतीचा रस्ता न सापडल्यानं न्यूट्रलच्या वायरीत तुंबलाय. पण मग सहज म्हणून वरच्या मोठ्या भोकात, अर्थिंगच्या, टेस्टर घातला. तिथंही पेटला! मेन पाडून बोर्ड उघडला. आत दोन इंच लाल वायरचा तुकडा, न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेपर्यंत. लूप.

"हे कुणी मारलं?"

पोरगं आईकडं बघायला लागलं. मग खरी हकीकत निघाली. आई या खोलीत अनवाणी वावरते. शहाबादी फरशी पुसून मशीनवरची धूळ झटकायला गेली की हाताला मुंग्या. "मी कवापास्नं सांगत होतो," ती मला म्हणाली, "तर ह्यो म्हणतोय, आई, तुला भास होतोय." उन्हाळाभर याच्या पायात जाडजूड कोल्हापुरी. कोरडं कातडं मधे असल्यावर याला काय कळणार? शेवटी कुणीतरी येऊन बघून गेला, हा तुकडा टाकला, मुंग्या थांबल्या, काम झालं.

मुंग्या कशाच्या, तेही सांगतो. मशीनच्या आत वायर शिरते तिथं फिल्टर असतो. त्यातला एक कपॅसिटर फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेला. घराला अर्थिंग असेल तर ती बारीक गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा मधोमध लटकतो, मीटरवर ११० च्या आसपास दाखवतो. करंट अगदी थोडा, पण ओल्या पायांना बरोबर कळतो. या घराला अर्थिंगच नव्हतं. तीन पिनांचा बोर्ड होता, तिसऱ्या भोकामागं काहीच नव्हतं.

लूप मारला की पत्रा न्यूट्रलला बांधला जातो आणि न्यूट्रल शाबूत असेपर्यंत सगळं झकास. त्या दिवशी मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू, आधीच ढिला, तापून काळा पडलेला, सुटला. फ्रीजमधनं आलेला फेज लूपवाटे थेट मशीनच्या पत्र्यावर. पोरानं लाईट गेली म्हणून एका हातानं मशीनचं झाकण मिटलं, दुसरा हात खिडकीच्या ओल्या गजावर. फेकला गेला हे नशीब. चिकटला असता तर...

शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. विसाव्या वर्षी मीही असा लूप मारलाय. वस्तादांनी वर्कशॉपात सगळ्यांदेखत कानाखाली काढली होती.

लूप काढून टाकला, न्यूट्रलचा स्क्रू नीट केला. तिसऱ्या दिवशी पावसाच्या उघडिपीत अर्थिंगसाठी परड्यात खड्डा घेतला. अडीच मीटरचा जीआय पाइप, मीठ, कोळसा. मग फेज आणि नव्या अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघितला, लख्ख पेटला. नुसत्या मीटरवर मी विसंबत नाही, केसाएवढ्या वायरवरही तो २३० दाखवतो. ही चाचणी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवायच्या आधी करायची, नंतर केली तर तो लगेच पडतो. तो ३० मिलिअँपिअरचा बसवला, कारण खड्डा कितीही चांगला असला तरी त्याच्या भरवशावर फ्यूज वेळेत उडेलच असं नाही.

मग मशीन. पिन काढली आणि चहा घेतला. घाई करायची नाही, कारण आतल्या लेझरच्या काचेच्या नळीला १५–२० हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही चार्ज राहतो. मीटरचा बझर लावला, जोड सलग असला की तो वाजतो: अर्थच्या पिनेपासून बॉडीपर्यंत वाजला. मागच्या झाकणावर गप्प. नेमकं नळीच्या डोक्यावरचं झाकण! बिजागरीखाली रंगाचा थर होता. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकून हिरवी-पिवळी वायर कसली. बझर वाजला. नळी गार ठेवायच्या बादलीत नळाचं पाणी होतं, तेही बदलायला लावलं. डिस्टिल्डच पाहिजे, नळाच्या पाण्यातनं करंट फिरतो.

सगळं चालू केलं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, घर अंधारलं, परत उचललं. मशीन सुरू करून मी उलट्या हातानं पत्र्याला स्पर्श केला, नेहमीची सवय. उलटा हात असला की झटक्यानं मूठ वळली तरी पकड बसत नाही.

"आता लावा हात," मी म्हटलं.

आईनं पदराला हात पुसला. पायाखाली ओली फरशी. पंजा पुढं केला, थांबली, आणि मी लावला होता तसाच उलटा करून लावला.

"न्हाई येत," ती म्हणाली. पण पोराकडं बघत नव्हती.