कोंत्रा सराव: द्यूव्यो बसला, आता पलत्का

कोंत्रा या हंगेरियन लोकसंगीतातल्या साथीच्या वाद्यावर माझ्या उजव्या हातात एकदाचा जीव आलाय. द्यूव्यो या साथीच्या लयप्रकारात गज एकाच दिशेने जातो, पण त्या एका ओढीत दोन ठोके येतात आणि जोर दुसऱ्यावर पडतो. पुण्यात व्हायोलिन शिकताना सलग, गुळगुळीत गज अंगात मुरला होता. इथे तो न उचलता दुसरा ठोका मनगटाने दाबून काढायचा. संथ चार्दाशमध्ये (हंगेरियन जोडनृत्य) हे आता शेवटपर्यंत टिकतं. जलद चार्दाशचा एस्ताम हा लयप्रकार (खर्जातलं बास वाद्य ठोक्यावर, कोंत्रा ठोक्यांच्या मधे) त्या मानाने लवकर जमला.

नव्याने येणाऱ्यांसाठी: कोंत्रा म्हणजे व्हियोलाच, पण तारा तीनच आणि घोडी सपाट, त्यामुळे तिन्ही तारा एकदम वाजतात. जुळणी जी, डी, ए. यातला ए मात्र डीच्या खालचा. धून प्रीमाशच्या, म्हणजे मुख्य वादकाच्या, व्हायोलिनवर, आपल्याकडे फक्त स्वरसंघ आणि लय. वाद्य बाजूला कलतं धरलं की गज वर-खाली चालतो आणि हाताचं वजन आपोआप मिळतं.

खरी प्रगती मात्र बुडापेस्टच्या तांत्सहाझमध्ये (प्रत्यक्ष वादनावर सगळ्यांनी लोकनृत्य करायचा मेळावा) होते, घरी नाही. 6 मे 1972 ला लिस्त चौकात पहिला तांत्सहाझ झाला. फेरेंत्स शेबो आणि बेला हल्मोश वाजवायला होते. नमुना होता रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हानिया भागातल्या सेक गावाचा. तिथली तरुण मंडळी खोली भाड्याने घेऊन, वादकांना पैसे देऊन नाचायची. पहिला कार्यक्रम नृत्यसंघांतल्या लोकांपुरताच होता. नृत्यदिग्दर्शक शांदोर तिमार यांनी पुढे तो सगळ्यांना खुला केला. मला हा निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो. रंगमंचासाठी बसवलेला नाच बघायचा असतो, हा नाचायचा असतो, आणि म्हणूनच तो टिकला. मागे ग्यॉर्गी मार्टिन यांचं नृत्यसंशोधन आणि झोल्तान कल्लोश यांचा गावोगावचा संग्रह होता, म्हणून पाया पक्का राहिला. 2011 मध्ये युनेस्कोनेही वारसा जपण्याची उत्तम पद्धत म्हणून तांत्सहाझची नोंद घेतली.

वाजवताना मी आता प्रीमाशच्या गजाइतकंच जोडप्यांच्या पायांकडे बघते. बाई गिरकीतून बाहेर येते तेव्हा पुरुषाची टाच जमिनीवर पडते, तिथेच माझा दुसरा ठोका पडला पाहिजे. तो किंचित आधी आला तरी जोडपं अवघडतं, हे समोर दिसतं.

अडलंय ते ट्रान्सिल्व्हानियातल्या मेझ्योशेग भागाच्या संथ जोडनृत्यांत. तिथल्या मात्रा लांब-आखूड असतात, त्यामुळे टाळी धरून मोजायची आपली सवय कामाला येत नाही. पुढचे काही आठवडे फक्त तिथल्याच पलत्का गावच्या वादकांची ध्वनिमुद्रणं ऐकणार आहे. त्यांच्याकडे दोन कोंत्रे एकत्र चालतात, त्यामुळे गजाचा दाब स्पष्ट ऐकू येतो. आधी तोंडाने म्हणायचं, मग पायांनी चालून बघायचं, आणि गज त्यानंतरच हातात घ्यायचा. कुणी हे आधी केलं असेल तर कोणत्या लयीपासून सुरुवात केली ते जरूर सांगा.