हॅलोविन आणि दिवाळी एकाच रात्री आली तेव्हा

मी न्यू जर्सीत इमर्जन्सीला नर्स आहे. हॅलोविन म्हणजे इथली मुलं वेष घालून दारोदार चॉकलेट गोळा करतात तो सण. 2024 साली हॅलोविन आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, 31 ऑक्टोबरला. पहाटे उटणं लावून आंघोळ केली, मुलांच्या हातावर फराळ ठेवला आणि अकरा ते अकराच्या शिफ्टला निघाले. एडिसनच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी एकाच पायरीवर पणती आणि कोरलेला भोपळा शेजारी शेजारी होते, आणि ऑक्टोबर संपत आला तरी हवा इतकी गरम की संध्याकाळी पोरं घरात थांबणारच नाहीत हे दिसत होतं.

दुपारी भोपळ्याची केस आलीच, दरवर्षी येते. डाव्या हाताने भोपळा दाबून धरायचा आणि उजव्या हाताने किचनमधली मोठी सुरी खुपसायची, ती सालीत अडकते, मग जोर लावून ओढायची, आणि ती निसटली की सरळ डाव्या तळव्यात. या बाबाची तर्जनी वाकतच नव्हती, म्हणजे टेंडन, बोट वाकवणारा दोरा, गेलेला, हँड सर्जनला बोलवावं लागलं. कोरायच्या किटमध्ये छोटी करवत मिळते हो, ती वापरा, आणि मुलांना नुसतं मार्करने तोंड काढू द्या, कापायचं काम मोठ्यांनी करायचं.

सहाला अंधार पडायला लागला की आमच्याकडे सगळ्यांचे कान रस्त्याकडे. 2018 साली जामा पीडियाट्रिक्स या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, 42 वर्षांची अपघातांची आकडेवारी काढून, त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका इतर संध्याकाळींपेक्षा 43 टक्के जास्त निघाला, आणि लहान मुलांचा तर त्याहून कितीतरी जास्त. काळा ड्रेस, तोंडावर मास्क, दोन उभ्या गाड्यांच्या मधून पळत सुटलेलं पोर, ड्रायव्हरला दिसणार कसं? मी माझ्या मुलांच्या पाठीवर रिफ्लेक्टिव्ह टेप चिकटवते, मास्क न घालता तोंड रंगवते आणि हातात टॉर्च देते. त्या रात्री सुदैवाने तसलं काही आलं नाही.

आलं ते सव्वाआठला. एक बाबा मुलाला खांद्यावर टाकून धावत आत आला, मागून आई, साडी नेसलेली, पूजेतून उठून आल्यासारखी. मुलगा सहा वर्षांचा, सांगाड्याच्या ड्रेसमध्ये, काळं कापड आणि त्यावर अंधारात चमकणारी हाडं. ओठ सुजलेले, मानेवर गांधी उठलेल्या, दोनदा उलटी झालेली आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज. माझ्या बॅजवरचं आडनाव वाचून आई मराठीतच बोलायला लागली, "ताई, ॲलर्जीचं बेनाड्रिल दिलंय, वीस मिनिटं झाली, उतरत नाहीये हो."

काजूची ॲलर्जी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन, पण होतं, किचनच्या ड्रॉवरमध्ये. सुई टोचायची भीती वाटली म्हणून आधी बेनाड्रिल.

ड्रेस गळ्यापासून पायापर्यंत एकसंध, चेन मागे. वेळ नव्हता, मी कात्री घेतली आणि मांडीवरचं हाड मधोमध कापत वर गेले, डॉक्टर शेजारीच उभ्या होत्या, मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिन दिलं. घसा सुजून श्वास अडायला लागला, बीपी उतरायला लागलं, की तिथे ॲलर्जीचं सिरप पुरत नाही, पहिलं औषध ॲड्रेनलिनच. ते पेन कपड्यावरून पण मारता येतं, जाड काही असेल किंवा खिशात काही असेल तेवढं फक्त बाजूला करा, आणि लगेच 911 ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन. दहा-एक मिनिटांत शिट्टी कमी झाली. श्वास आल्यावर पहिल्यांदा तो रडला ते ड्रेस कापला म्हणून, आणि मला इतकं बरं वाटलं ते रडणं ऐकून.

आई मात्र थांबेना. ती सांगत होती की त्यांनी गोळा केलेलं प्रत्येक चॉकलेट दिव्याखाली धरून तपासलं होतं, रॅपर फाटलंय का, टोचल्याचं भोक आहे का. ही भीती इथे फार जुनी आहे. 1974 साली टेक्सासमध्ये हॅलोविनच्या कँडीतून सायनाइड जाऊन एक मुलगा गेला होता, पण ते विष घालणारा कोणी परका नव्हता, त्याचा स्वतःचा बाप होता, विम्याच्या पैशासाठी. "परक्यांचं सगळं तपासलं ताई," ती म्हणाली, "आणि काजूकतली ओळखीच्या मावशींनी दिली. दिवाळी आहे ना, एक वडी घे बाळा म्हणाल्या. मी समोरच होते, तरी डोक्यात आलं नाही."

मी तिचा हात धरून बसले. त्या मावशींचीही चूक म्हणवत नाही, वर्षाचा सण, दारात आलेलं पोर, कोण रिकाम्या हाताने पाठवेल. पण आपली अर्धी मिठाई काजू-पिस्त्याची असते, आणि ज्याला काजू चालत नाही त्याला बहुतेक वेळा पिस्ताही चालत नाही. छोट्या चॉकलेटांच्या रॅपरवर पण कितीदा घटक छापलेलेच नसतात. इथे 2014 पासून देशभर एक पद्धत पसरली आहे, दारात मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवला की या घरी खाऊशिवाय दुसरं काही मिळतं, स्टिकर, पेन्सिल, छोटा बॉल. आपल्या लोकांच्या दारात तो मला फार क्वचित दिसतो, यंदा पणतीशेजारी ठेवा ना.

असा झटका काही तासांनी उलटून परत येऊ शकतो, म्हणून त्याला मध्यरात्रीपर्यंत ठेवून घेतलं. अकराला हँडओव्हर देऊन मी त्याच्या खोलीत डोकावले. बाबा फोनवर त्या मावशींशीच बोलत होता, हळू आवाजात, "नाही हो मावशी, तो ठीक आहे, तुम्ही रडू नका." लाइट बंद होता. कापलेला ड्रेस त्याने काढू दिला नव्हता, मी दुपारपासून खिशात असलेला पांढरा टेप काढून मांडीवरचं हाड चिकटवून दिलं. अंधारात बाकीची हाडं हिरवी चमकत होती, तेवढा टेपचा तुकडा चमकत नव्हता. त्याने तो बोटाने चाचपला आणि आईला विचारलं, "उद्या पण घालू?"