ठोका आधी, आवाज नंतर

मी केलेल्या व्हिडिओत हातोडा घंगाळावर पडायचा, पुन्हा वर जायचा आणि मग ‘टण्ण’ ऐकू यायचं. पावसाळ्यात आधी वीज चमकते आणि गडगडाट मागून येतो, तसं. फरक इतकाच की शूटिंगच्या वेळी ठोकणारे काका माझ्यापासून दोन हातांवर बसले होते.

व्हिडिओ करायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिही, असं मैत्रीण म्हणाली म्हणून बसले आहे. पण त्या ‘टण्ण’ने माझे तीन आठवडे खाल्ले आणि तो राग अजून उतरलेला नाही, तेव्हा लेख कुठे झुकेल ते आधीच सांगून ठेवते.

मी हिशेब लिहिणारी बाई. माहेर कसबा पेठेत, तांबट आळीला लागून. पेशवाईपासूनची ही आळी. बंब, घंगाळं, हंडे, कळश्या सगळं इथे ठोकून व्हायचं. लहानपणी दुपारची झोप त्या ठोक्यांवरच लागायची. आता ठोके विरळ झालेत, म्हणून मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोड्याने ठोके उमटवायचं काम, करणाऱ्या एका काकांवर सहा मिनिटांची फिल्म करायची ठरवली. स्वतःचा फोन, ट्रायपॉड, आणि भाड्याने आणलेला छोटा रेकॉर्डर व कॉलर माइक. काका लगेच हो म्हणाले. दोन रविवारांत शूटिंग उरकलं.

पहिला रविवार तसा फुकटच गेला. फोन हातात धरून मी भांड्यावरून काकांवर, काकांवरून भट्टीवर, भट्टीवरून छपरावर फिरले. घरी बघितलं तर गरगरायला लागलं. दुसऱ्या रविवारी कॅमेरा जागचा हलवायचा नाही असं ठरवलं. आधी नुसते हात. मग चेहरा. मग सगळी खोली. मग काकांच्या खांद्यावरून दिसणारं काम. प्रत्येक शॉट मनात दहा मोजेपर्यंत. एवढं असलं की जोडायला बसताना हात मोकळा राहतो. एक चूक तेव्हाही केलीच. मध्येच काकांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. जोडल्यावर असं दिसलं की काका ठोकता ठोकता उठून उलटे बसले. माणूस आणि त्याचं काम यांच्यामध्ये एक रेघ आखायची आणि तिच्या एकाच अंगाला राहायचं, हे त्या दिवशी कळलं.

आता मुद्द्याचं. एडिटिंगला बसले, फोन चालूच ठेवून सलग घेतलेलं चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज एकावर एक ठेवले. पहिला ठोका जुळवला. छान. पुढे सरकवून विसाव्या मिनिटाला आले तर आवाज मागे. आवाज थोडा अलीकडे ओढला, विसावं मिनिट जुळलं. सुरुवातीला आले, तर तिथे आवाज ठोक्याच्या आधी! बोलणाऱ्या माणसाच्या ओठांत एवढा फरक एखाद्याला कळणारही नाही. हातोड्यात मात्र लपत नाही.

रेकॉर्डर भाड्याने देणाऱ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने माइक कानाला लावून ‘हॅलो, हॅलो’ केलं आणि म्हणाला, “मॅडम, माइक ओके आहे. तुमचा फोन जुना आहे. नवीन घ्या.” मी म्हटलं, आवाज खराब नाही, उशिरा येतोय. “तेच ना, फोन स्लो आहे.” दुसऱ्यांदा गेले तर तो मुलगा नाही आणि दुसऱ्याने डिपॉझिटमधून एक दिवसाचं जादा भाडं कापलं, कारण तक्रार घेऊन आले तेव्हा रेकॉर्डर माझ्याकडेच होता म्हणे! हे मी विसरणार नाही.

मग भाच्याला फोन केला. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. “मावशी, लॅपटॉप रिस्टार्ट करून बघ,” म्हणाला. केला.

शेवटी ताळेबंद न जुळल्यावर जे करते तेच केलं. वही काढली. पहिल्या मिनिटाला फरक शून्य फ्रेम (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र). पाचव्याला चार. दहाव्याला नऊ. विसाव्याला सतरा, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. फरक सगळीकडे सारखा असता तर आवाज एकदा सरकवून भागलं असतं. वाढत जाणारा फरक म्हणजे दोघांपैकी कोणाचं तरी घड्याळ चुकतंय. कोणाचं? तर तीच फाइल फोनवर, फोनच्याच आवाजासह लावली. ठोका आणि ‘टण्ण’ अगदी एकत्र. तीच फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, रेकॉर्डरचा आवाज काढून नुसता फोनचा ठेवला, तर तोही मागे पडला! म्हणजे रेकॉर्डर निर्दोष, फोनही निर्दोष. फोन आणि सॉफ्टवेअर यांच्या मधल्या व्यवहारात घोळ. हे सापडलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मीडियाइन्फो नावाचं एक मोफत साधन आहे. त्यात फाइल टाकली की तिची कुंडली दिसते. माझ्या फाइलसमोर लिहिलं होतं, फ्रेम रेट मोड: व्हेरिएबल, म्हणजे सेकंदाला किती चित्रं हे बदलतं. आपल्याला वाटतं फोन सेकंदाला ३० चित्रं काढतो. खूप फोन तसं करत नाहीत. अंधार झाला की प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतात आणि कमी चित्रं काढतात, उजेड आला की पुन्हा वाढवतात. काकांची खोली अंधारी, दारातून ऊन आत-बाहेर. फोनवर दाखवताना फोन ही वेळ नीट लक्षात ठेवतो. माझं सॉफ्टवेअर मात्र सगळं एकसारखं ३० धरून चाललं होतं.

उपाय सोपा निघाला. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्यायचं, व्हिडिओच्या भागात फ्रेम रेट ३० निवडायचा, ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर, म्हणजे एकसारख्या वेगावर, खूण करायची आणि नवीन फाइल बनवायची. सोपा म्हटलं, पण मला तीन रात्री लागल्या. पहिल्या रात्री दर्जाचा आकडा वाढवून ३० केला. जास्त आकडा म्हणजे चांगलं, नाही का? नाही. तिथे आकडा कमी म्हणजे दर्जा चांगला. सकाळी काकांचा चेहरा लापशीसारखा झालेला. हा उलटा हिशेब ज्याने ठरवला त्याला माझ्या कार्यालयात मार्च महिना काढायला लावायला हवा. दुसऱ्या वेळी १८ ठेवला आणि रात्रभर चालवून सकाळी कामाला गेले. पण तो गुरुवार होता. पुण्यात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. तिसऱ्या रात्री फाइल झाली. लावली. पहिला ठोका जुळला, दहावं मिनिट जुळलं, विसावंही जुळलं. रेकॉर्डरचा आवाज तरीही शेवटी दोन फ्रेम मागे होता, कारण दोन वेगळ्या यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. तो आवाज मध्ये एका ठोक्यावर कापून सरकवला, संपलं.

म्हणून सांगते, शूटिंग करण्याआधी घरी अर्धा तास भिंतीवरचं घड्याळ रेकॉर्ड करा, मध्ये दिवा घालवा-लावा, सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा, आणि दोन्ही टाळ्या एडिटिंगमध्ये जुळतात का बघा. शेवटची टाळी सहसा कोणी वाजवत नाही. सिनेमावाले फळीची क्लॅप उगाच देत नाहीत. चित्र आणि आवाज वेगळे रेकॉर्ड होतात, ते जुळवायला ती लागते. १९३३ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि १९६० पासून तिच्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या लॉ कॉलेज रोडवरून मी वर्षानुवर्षं स्कूटर नेली, पण क्लॅप कशासाठी असते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

रेकॉर्डरमध्ये आवाजाचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४८,००० हर्ट्झवर ठेवायचा, ४४,१०० वर नाही. हे आधीच सांगायला हवं होतं. आणि हातोडा व बोलणं यांची पातळी वेगवेगळी लावायची. माझ्या फोनचा आवाज आपोआप कमी-जास्त होत होता, त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर काकांचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटायचं. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात, त्यावर शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला मिळणारा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद करायचं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. रंगही लॉक करा. आपोआपवर ठेवला तर तांबं एका शॉटमध्ये लाल आणि दुसऱ्यात पितळेसारखं दिसतं. माझ्या फिल्ममध्ये एक शॉट अजून तसा आहे.

फिल्मच्या शेवटी घंगाळ तयार होतं आणि काकू कौतुकाने बघतात. बघणाऱ्या प्रत्येकाला ते आवडलं. खरं तर काकू चुलीवरचं दूध उतू जातंय का ते बघत होत्या. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव या दिग्दर्शकाने हेच करून दाखवलं होतं. एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाटीनंतर लावला तर भुकेला वाटतो, शवपेटीनंतर लावला तर दुःखी. काकूंना मी खरं सांगून टाकलं, शॉट काढू का विचारलं. “असू दे,” म्हणाल्या, “दूध उतू गेलं ते दाखवू नकोस म्हणजे झालं.”

एक राहिलंच. खोलीचा रिकामा आवाज अर्धा मिनिट तरी रेकॉर्ड करून ठेवायचा, बोलण्यातले तुकडे कापल्यावर मध्ये भरायला. मी विसरले. त्यासाठी पुन्हा आळीत गेले. काका म्हणाले, “ताई, शांतता न्यायला आलात? इथे?” शेजारी दोघं ठोकत होते. दुपारी जेवायला सगळे थांबतात तेव्हा बसा, म्हणाले. थांबले. चाळीस सेकंद मिळाले, मग वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.