घरामागचा डोंगर, खेप चौथी

या हंगामातली ही चौथी खेप. दारातून चालत निघायचं, माथा गाठायचा आणि चालतच दारात परत यायचं, एवढाच माझा पण आहे. चढाई जेमतेम सातशे मीटरची. कोरड्या दिवसांत हा डोंगर मी गप्पा मारत चढतो. आता वसंत सरत आला तरी वरच्या निम्म्या भागातला बर्फ हलायला तयार नाही आणि आतापर्यंत तीनदा त्याने मला परत पाठवलंय.

तिसऱ्या खेपेला पहाटे बर्फ इतका कडक होता की नुसत्या बुटांवर उभं राहवेना. म्हणून या वेळी मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे खिळ्यांचे पट्टे) घेतले, गजर साडेचारचा लावला. खिडकीबाहेरचा थर्मामीटर दोन अंश दाखवत होता. मागच्या वेळीही तेवढेच होते, म्हणजे बर्फही तसाच असणार, असं धरून चाललो. आभाळाकडे बघितलंच नाही. रात्रभर ढग होते.

सहाच्या सुमाराला सोंडेवर बर्फाची कड लागली. चालताना आधाराला धरायचा पोल टेकवला की ‘टक्’ असा आवाज यायला हवा, आला ‘खस्’. रात्र निरभ्र असली की बर्फातली उष्णता सरळ आभाळात निघून जाते, हवा शून्याच्या थोडी वर असली तरी वरचा थर गोठतो. ढग असले की ते पांघरुणाचं काम करतात. आकडा तोच, पण बर्फ निराळा. हे मला माहीत होतं, म्हणून तर जास्त राग आला.

तरी पुढे गेलो. वर बोटभर कवच होतं, त्याखाली रवाळ, ओला बर्फ. मायक्रोस्पाइक्सखाली गोळे जमायला लागले आणि दर दहा पावलांना पोलने बूट ठोकत बसावं लागलं. शेवटी काढून सॅकमध्ये टाकले. मागच्या खेपेला नव्हते म्हणून परतलो, या खेपेला ओझं म्हणून फिरवून आणले.

मी पाय किती रुततो त्याची नोंद ठेवतो, ती अशी: सहा वाजता तळवा, साडेसातला घोटा, नऊला पोटरी. पोटरीपर्यंत माझं चालतं. वेग निम्म्यावर येतो, गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडापासून पोटरीपर्यंतची आवरणं, असले तर बूट आतून कोरडे राहतात. गुडघा गेला की परत, असा नियम केलाय.

नियमाची वेळ एका मोठ्या कातळापाशी आली. त्याला लागून वाट वळवली, तीन-चार पावलं वाचवायला. काळा दगड ऊन धरतो, भोवतीचा बर्फ आतून वितळून पोकळी होते, वरून मात्र सगळं सपाट दिसतं. उजवा पाय भसकन मांडीपर्यंत गेला. खाली बुटाचा चवडा दोन दगडांच्या बेचक्यात अडकला, ओढावं तर घोटा पिरगळत होता. पहिल्यांदा धडपड केली, ती चूक. मग सॅक उतरवून बाजूला ठेवली, पालथा पडलो आणि हाताने बुटाभोवतीचा बर्फ उकरत राहिलो. दहा मिनिटं गेली. नडगीवर वीतभर खरचटलं, बाकी काही नाही. खाली कुठेतरी पाण्याची झुळझुळ ऐकू येत होती, ती काही आवडली नाही. अशा कातळापासून चार हात लांब राहायला हवं, झुडपांपासूनही.

तोवर ढग फाटले आणि ऊन आलं. माथा साधारण ऐंशी मीटर वर होता. उरलेली वाट घळीच्या पूर्वेकडच्या तोंडातून जाते, उतार पस्तिसेक अंशांचा असावा. घळीत कोणी पाऊल टाकलेलं नसताना छोटे गोळे आपोआप सुटून सुरळीसारखे वळत खाली येत होते. ओला बर्फ घसरायच्या तयारीत असल्याची ही खूण. हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. घड्याळ बघितलं, साडेनऊ. फिरलो. वाईट वाटलं, पण घळीबद्दल मनात दुमत नव्हतं.

उतरणं मात्र झकास झालं. टाच आधी रोवायची, गुडघा किंचित वाकलेला, अंगाचा भार पुढे. मागे रेललं की बूड टेकलंच. हे मला पहिल्या खेपेला जमत नव्हतं, आता सोंडेचा बर्फाळ भाग वीस मिनिटांत उतरलो. चढायला साडेतीन तास लागले होते.

घरी आल्यावर कळलं, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांना भाजलंय. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतो. हा जुना, ओला, त्याहून कमी परतवणारा, तरी तेवढ्याने भागलं. गॉगल होता म्हणून डोळे वाचले. क्रीम लावलं होतं, पण फक्त वरून ऊन लागतं तिथे.

पाचव्या खेपेला आभाळ बघितल्याशिवाय गजर लावणार नाही. झोपण्यापूर्वी गच्चीवर जाऊन बघायचं. चांदण्या दिसल्या तर साडेतीनचा.