पहिल्यांदा ड्रॅगला जाताय? आधी टायरकडं बघा

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. ड्रॅग रेसची तारीख जाहीर झाली की पोरं गाड्या घेऊन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "मामा, एअर फिल्टर कुठला टाकू?" माझं उत्तरही ठरलेलं. फिल्टर राहू दे, सायलेन्सर राहू दे, गाडी आहे तशीच ने. सरळ रेषेतली, पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची ही शर्यत पहिल्या साठ फुटांतच बनते नाहीतर बिघडते. आणि तिथं कामाला येतात ते टायर आणि तुमचा डावा पाय.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती मला मनापासून लागते. हे सगळं बंद धावपट्टीवर करायचं. होटगी रोडला नाही, रात्रीच्या हायवेला तर अजिबात नाही. ऊस सुरू झाला की पुणे रोडला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, मागं धड लाल दिवा नसतो. शंभरच्या पुढं गेलेल्या गाडीला ती ट्रॉली दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. कायदाही कडक झालाय: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळेस ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मी दंडासाठी सांगत नाही. ठोकलेल्या गाड्या क्रेनवरून येतात तेव्हा त्यांची चाकं माझ्यासमोर उतरतात.

लोणावळ्यापलीकडं अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा भरलेली आहे. आपल्याकडची पोरं पहिल्यांदा उतरली ती तिथंच. सोलापूरहून पुणंच अडीचशे किलोमीटर, पुढं लोणावळा, मग डोंगरातला रस्ता. म्हणजे जी गाडी पळवायची तिनंच तुम्हाला घरी आणायचं. सगळी तयारी हे धरून करा.

आता टायर. बाजूच्या भिंतीवर डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, सहा-सात वर्षं सोलापूरच्या उन्हात उभा राहिलेला टायर कडक झालेला असतो. नखानं दाबून बघा, नख घसरलं की समजा तो जागेवर फिरणार, गाडी पुढं जाणार नाही. पैसे घालायचेच असतील तर पुढच्या दोन चांगल्या टायरमध्ये घाला.

हवेचं गणित सोपं आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना ओढ पुढच्या चाकांची. गाडी सुटताना वजन मागं जातं, म्हणजे नेमकी ओढणारी चाकं हलकी होतात. म्हणून दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय त्यापेक्षा पुढं चार-पाच पीएसआयनं कमी ठेवा. ३३ असेल तर २८. त्याहून फार खाली जाऊ नका, पुढं वेगात गाडी लिबलिबीत वाटते. मागं उलट दोन-तीननं जास्त. आणि हवा गार टायरवर मोजा. लोणावळ्याहून चालवत आलात की मीटर तीन-चारनं जास्त दाखवतो आणि पोरं फसतात. छोटं मीटर आणि बारा व्होल्टचा पंप सोबत हवाच.

धावपट्टीवर गेलात की डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाण्याचे कॅन, सगळं बाहेर. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढाच, ती पेडलखाली सरकते. व्हील कप काढून नट पान्ह्यानं तपासा. टाकीत पाव टाकी पेट्रोल पुरे. फुल हेल्मेट, सुती फुलबाह्यांचे कपडे, पातळ तळव्याचे बूट. एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेच्या, मान्यतेची स्पर्धा असेल तर स्पर्धकाचं लायसन्स लागतं का ते नियमपत्रकात आधीच वाचून घ्या. रांगेत तासन्‌तास जातात, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्या. उपाशी पोटी क्लचवरचा पाय थरथरतो.

सुरुवातीच्या रेषेआधी कुठं पाणी टाकलेलं असेल तर बाजूनं जा. ते स्लिक, म्हणजे बिननक्षीच्या टायरवाल्यांसाठी असतं. आपल्या नक्षीत ते पाणी भरतं आणि नेमकं रेषेवर सांडतं. एसीही बंद ठेवा, त्याचंही पाणी टपकतं आणि इंजिनवरचा भार वाढतो.

दिव्यांच्या खांबावर वर दोन छोटे दिवे असतात. पहिला लागला की तुम्ही जवळ आलात, दुसरा लागला की बरोबर रेषेवर. दोन्हीत सात इंचांचंच अंतर आहे, म्हणून मुंगीच्या पावलानं या. मग तीन पिवळे, सहसा अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं, मग हिरवा. लवकर सुटलात तर लाल लागतो. पण नव्या माणसानं एक लक्षात ठेवावं: तुमच्या धावेचं घड्याळ हिरव्या दिव्यानं सुरू होत नाही, चाक रेषेवरून हललं की होतं. दिव्याची घाई करू नका. हिरवा बघा, श्वास सोडा, मग गाडी सोडा.

छोट्या पेट्रोल गाडीला अडीच हजारांच्या आसपास आरपीएम धरा आणि क्लच अर्ध्यापर्यंत झटकन, पुढचा अर्धा हळू सोडा. एकदम सोडलात तर टायर किंचाळतो. बघणाऱ्यांना बरं वाटतं, वेळ मात्र तिथंच जातो. स्टिअरिंग सरळ. दुसऱ्याचा तिसरा टाकताना दांडा मुठीत आवळू नका, तळव्यानं ढकला. घाईत तो पहिल्यात गेला तर इंजिनचं काम तमाम.

रेषेपलीकडं गेल्यावर खचकन ब्रेक मारू नका. आपल्या लेनमध्येच राहा, शेजारचा कुठं आहे ते बघा, हळूहळू वेग उतरवा. परत आल्यावर बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये उभी करा.

मग हातात धावेच्या वेळांची चिठ्ठी येते. सगळे एकूण वेळ वाचतात. बाराशे सीसीच्या साध्या गाडीला अठरा-एकोणीस सेकंद लागतात, त्यात वाईट काही नाही. मी पोरांना साठ फुटांचा आकडा आधी वाचायला लावतो. तिथं दशांश सेकंद वाचला की शेवटच्या रेषेवर साधारण दीड ते दोन दशांश वाचतात. शेवटचा वेग इंजिनाबद्दल सांगतो, साठ फूट तुमच्याबद्दल आणि टायरबद्दल. प्रत्येक धावेत एकच गोष्ट बदला, हवा नाहीतर आरपीएम, आणि चिठ्ठीच्या मागं लिहून ठेवा. दोन्ही बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

निघताना पंप काढून पुढची हवा पुन्हा स्टिकरएवढी करा, नट परत आवळा, स्टेपनी डिकीत गेली का बघा. कमी हवेवर हायवेनं सोलापूर गाठायचं म्हटलं तर टायरची भिंत आतून तापते आणि इंदापूर-टेंभुर्णीकडं कुठंतरी फुटते. थकला असाल तर पुण्यातच झोपा. सकाळी आलात तरी दुकान उघडं असतं. चिठ्ठ्या घेऊन या, टायरही बघतो.