चेतकचा सायलेन्सर: 20 नट आत, 19 बाहेर

मंडळी, मागच्या वेळी इंजिन बसवून गाडी सुरू झाली इथवर सांगितलं होतं. आता पुढचं. सुरू झाली म्हणजे नुसती सुरू झाली, चालेना. 1981 ची बजाज चेतक स्कूटर, बाबांनी बुकिंग करून वाट बघून घेतलेली, 145 सीसी, आणि नाशिकच्या गंगापूर रोडच्या सरळ रस्त्यावर 40 च्या वर काटा सरकायला तयार नाही. थर्डला टाकली की म्हातारा जिना चढल्यासारखी धापा टाकायची. कार्बोरेटर दोनदा खोलला, जेट फुंकलं, पॉइंटचा गॅप बघितला, प्लग बदलला, काही फरक नाही. शेवटी भद्रकालीतल्या आमच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना हातातच घेतला नाही. गाडी सुरू ठेवली, वाकून टेल पाईपमागे तळवा धरला, दोन मिनिटं तसेच बसले आणि म्हणाले, "दादा, हिचा श्वास कोंडलाय. हात लावून बघा." मी हात लावला तर फुंकर मारल्यासारखी वाफ, बस्स. शेजारी दुसरी चेतक उभी होती तिच्यामागे हात धरला तर तळव्यावर ठक ठक ठक मार बसत होता. एवढं साधं आणि मी महिनाभर कार्बोरेटरशी झटापट करत बसलो होतो.

सायलेन्सर तुंबण्याची कारणं दोन. एक म्हणजे बाबा. पेट्रोलमध्येच लिटरला 20 मिली ऑइल मिसळायचं असतं, तर बाबा नेहमी "एक झाकण जास्त घाल, इंजिन थंड राहतं" म्हणायचे. इंजिनाचं काय झालं माहीत नाही, पण ते जास्तीचं झाकण जळून इतकी वर्षं सायलेन्सरमध्ये साठत राहिलं. दुसरं कारण गोदामाई. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, दुतोंड्या मारुती (गोदाकाठची मूर्ती, पूर किती चढला ते आम्ही हिच्यावरून बघतो) बुडाला, तेव्हा गाडी सराफ बाजाराजवळच्या आमच्या जुन्या वाड्याच्या पडवीत उभी होती. पाणी फूटबोर्डच्या वर. इंजिन तेव्हाच उतरवून साफ केलं पण सायलेन्सर आतून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

सगळे म्हणाले नवीन टाक, कशाला डोकं लावतोस. टाकून बघितला ना! बाजारातला डुप्लिकेट. बोल्टचं भोक अर्धा इंच इकडे, पत्रा असा की नखाने वाजवला तर बिस्किटाचा डबा, आणि आवाज असा की कॉलनीत शिरलो की कुत्री मागे. आठ दिवसांत काढून ठेवला.

तर जुना काढायला घेतला. पेट्रोल कॉक बंद, टाकी रिकामी (हे विसरू नका, झाकणातून गळतं), खाली जुना टायर आणि पोतं टाकून गाडी आडवी केली. आर्मवरचा मोठा बोल्ट निमूट सुटला. सिलेंडरच्या तोंडावरच्या क्लॅम्पचा नट मात्र हटूनच बसला. रात्रभर डिझेल, मग गंज सुटायचा स्प्रे, मग शिव्या. शेवटी मिस्त्रींची युक्ती, नट टॉर्चने गरम करायचा आणि गरम असतानाच मेणबत्ती आट्यांवर टेकवायची, मेण वितळून आत ओढलं जातं. दोनदा केलं, तिसऱ्यांदा पाना लावला तर कर्र करून पाव फेरा फिरला. त्या कर्र आवाजाचं सुख ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल.

सायलेन्सर घेऊन कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलो, विकायला नाही, वजन करायला. 4 किलो 150. त्याला वाटलं मी भावावर अडलोय.

मग कॉस्टिक सोडा. अर्धा किलो सोडा, पाच लिटर पाणी, प्लास्टिकच्या बादलीत. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, उकळून अंगावर येतं. नुसता पाण्यात टाकला तरी बादली बाहेरून हाताला लागेल इतकी तापते. रबरी हातमोजे आणि चष्मा घालाच. अॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, सोडा अॅल्युमिनियम खातो. सायलेन्सर लोखंडी पत्र्याचा म्हणून चालतं. टेल पाईपला रबरी बूच मारलं, उभा केला, वरून नरसाळ्याने भरला. कार्बन काही सोड्यात विरघळत नाही, पण त्याला धरून ठेवणारा चिकट तेलकट थर सुटतो. 24 तास ठेवून दुसऱ्या दिवशी ओतला तर काकवी! तशीच दाट, तशीच काळी, वास मात्र जळक्या ऑइलचा. आणि सगळ्यात शेवटी धारेबरोबर तपकिरी गाळ यायला लागला, बोटांत चोळला तर मऊ, कचकच न करणारा. पुराचा. इतकी वर्षं गोदावरी पोटात घेऊन फिरत होती गाडी. मी तो थोडासा एका बरणीत ठेवलाय, हिला सांगितलेलं नाही. (वापरलेला सोडा गटारात ओतू नका, मी लिंबूसत्व टाकून आधी मारला.)

पण एका सोड्याने भागलं नाही. आत खरपुडी तशीच होती. मग भाजणं. हे कॉलनीत केलं असतं तर शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कपड्यांसकट माझ्यावर केस केली असती, म्हणून मखमलाबादच्या मित्राच्या मळ्यात गेलो. एप्रिलच्या खरड छाटणीच्या द्राक्षाच्या काड्या त्याच्या बांधाला वाळून पडलेल्या असतात, त्यांचा जाळ बारीक पण कडक. सायलेन्सर मध्ये आडवा ठेवला. आधी पिवळट धूर, मग टेल पाईपमधून चक्क ज्योत, आणि मग पाऊण तासाने धूर आपोआप थांबला. धूर थांबला म्हणजे आतलं जळालं. पत्रा काळपट लाल झाला की बास, त्याहून जास्त नको, आणि पाणी मारून थंड करायचा मोह टाळा, पत्रा वाकडा होतो. तिथेच ज्वारीची भाकरी आणि ठेचा हाणला आणि तो आपोआप निवेपर्यंत झाडाखाली पडून राहिलो.

आता मूर्खपणा. जळलेली खरपुडी सुटी करायला आत काहीतरी टाकून खुळखुळवायचं असतं. शहाणी माणसं जुनी सायकलची चेन टाकतात, एक टोक हातात धरून. मी टाकले नट. मोजून 20. हलवला, आपटला, काळा भुगा पेपरवर ढीगभर पडला, खूश झालो. नट मोजले तर 19. परत हलवला. आत खुळ्ळ. दिसत नाही, पडत नाही, आतल्या भोकाच्या नळीमागे कुठेतरी जाऊन बसतो आणि हलवला की फक्त वाजतो. दोन संध्याकाळी गेल्या. चिरंजीव शेजारी बसून "बाबा, आता डाव्या बाजूला गेला" अशी कॉमेंट्री करत होते. शेवटी शाळेच्या प्रोजेक्टचं लोहचुंबक बाहेरून पत्र्यावर चिकटवून इंच इंच सरकवत तोंडापर्यंत आणला. तोंडाशी येऊन दोनदा परत आत पडला. तिसऱ्यांदा आला.

परत भंगारवाला. 3 किलो 600. म्हणजे 550 ग्रॅम नुसतं जळकं ऑइल आणि चिखल. त्याने आता विचारणंच सोडलंय.

सोलवटल्यावर खालच्या शिवणीजवळ दोन भोकं उघडी पडली, इतकी वर्षं कार्बननेच बुजवलेली. इथे माझी दुसरी चूक. घराजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे दिला, तो गेट-ग्रील करणारा, त्याने आर्क वेल्डिंग लावलं आणि दोनाची चार भोकं केली. वर म्हणतो पत्राच सडका आहे. मग अंबडला ओळखीच्या एकाकडून 18 गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचं ठिगळ कापून गॅस वेल्डिंगने पितळ भरून घेतलं. पातळ जुन्या पत्र्याला गॅसच. नंतर टेल पाईप बोटाने बंद करून पाण्यात बुडवून तोंडाने फुंकलं, बुडबुडा नाही.

आतल्या जाळ्या कापून "मोकळा" करून घे असा सल्ला तिथेही मिळालाच. नको. चेतकसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात, धुराची लाट सायलेन्सरमध्ये आपटून परत येते आणि सिलेंडरमधून निसटणारं ताजं मिश्रण थोडं मागे रेटते. ते माप बिघडवलं की आवाज वाढतो, ओढ वाढेलच असं नाही.

सायलेन्सर बाहेर आहे तोवर सिलेंडरचा एक्झॉस्ट पोर्टही खरवडला. किक हळू दाबून पिस्टन पोर्टवर आणायचा म्हणजे भुगा आत पडत नाही, आणि खरवडायला लाकडी आइस्क्रीमची काडी, स्क्रू ड्रायव्हर नाही. पोर्टचा वरचा कोपरा जवळपास बुजला होता.

रंग 600 डिग्री उष्णता सोसणारा काळा मॅट स्प्रे, तीन पातळ हात. हा रंग नुसता वाळून उपयोग नाही, भाजावा लागतो. बसवल्यावर 10 मिनिटं गाडी चालू, पूर्ण थंड, मग 20 मिनिटं, परत थंड. पहिल्यांदा धूर निघतो, घाबरू नका. क्लॅम्पच्या आत एक्झॉस्ट पेस्ट लावली, नवीन नट, आट्यांना कॉपर ग्रीस, पुढच्या वेळी मेणबत्ती नको.

रविवारी सकाळी त्र्यंबक रोडला काढली. सातपूर सोडलं आणि थर्डला पिळला तर 60, तेही कुरकुर न करता. आवाज तो जुना, जाडसर, बाबा ऑफिसातून यायचे तेव्हा गल्लीच्या टोकापासून ओळखू यायचा तो. अंजनेरीच्या फाट्यावर चहाला थांबलो, खाली वाकून बघितलं तर क्लॅम्पजवळ काळा ओला ओघळ. म्हणजे जॉइंट किंचित गळतोय, अॅक्सिलेटर सोडला की फट् फट् होत होतं ते त्यामुळेच. घरी येऊन गरम असतानाच नट अर्धा फेरा आवळला, ओघळ थांबला. 50 किलोमीटर झाले की परत आवळणार.

ऑइलचं माप आता मी सिरिंजने घेतो. बाबा गॅलरीतून बघतात आणि काही बोलत नाहीत. परवा मात्र पेट्रोल भरून आलो तेव्हा झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "कमी नाही ना पडलं?"