मातीला आठवतं

रविवार, रात्री

आज भट्टी उघडली. माझं ताट वाकडं निघालं.

दीड महिन्यापूर्वी ओलं ताट फळीवरून उचलताना त्याचा काठ मुडपला होता. लगेच दाबून सरळ केला. पुढे कुठे मुडपला होता ते मलाही सापडलं नसतं. १००० अंशांची पहिली भट्टी झाली, तेव्हाही सपाटच होतं. शेवटची भट्टी मात्र १२००च्या पुढची. तिथे माती पुन्हा थोडी मऊ पडते. आज तोच काठ, त्याच जागी, वर उचललेला. स्टुडिओतल्या ताई म्हणाल्या, "मातीला आठवतं गं." मग समजावूनही सांगितलं: मातीचे कण चपटे असतात, एकदा वाकताना जसे बसतात तसे आत राहतात, वरून कितीही दाबा. कळलं. तरी ताट हातात घेऊन बराच वेळ उभी होते.

आईला जाऊन मंगळवारी सात महिने होतील. अमरधामला दादाच्या खांद्यावरचं मडकं फुटलं, तो आवाज तेवढा लक्षात आहे. नंतर गंगेवर, रामकुंडात अस्थी सोडल्या. तिथे त्या पाण्यात विरघळून जातात म्हणतात. मी पाण्याकडे बघत राहिले. डोळे कोरडे. "खंबीर आहे हो पोरगी," मावशी कुणाला तरी सांगत होती.

रडू आलं ते क्लासच्या दुसऱ्या दिवशी, माती मळताना. तळहाताच्या टाचेने रेटायचं, उचलून वळवायचं, पुन्हा रेटायचं. आत हवा राहिली तर चाकावर भांडं डगमगतं. ताईंनी विचारलं, "आधी केलंयस का कधी?" नाही. मी साधी भाकरीसुद्धा कधी थापली नाही. आई परातीत बाजरीचं पीठ मळायची तेव्हा मी ओट्याला टेकून मोबाईल बघत असायचे. पण उजवा खांदा आपोआप पुढे गेला, ओठ आवळले गेले, अगदी तिच्यासारखे. फक्त बांगड्या वाजत नव्हत्या.

मैत्रिणी विचारतात, मातीकामाने मन हलकं होतं का? कंबर धरते, नखांतली माती निघत नाही, आणि महिन्याची फी वेगळी. हलकंबिलकं काही नाही.

ताट घरी आणलं. ओट्यावर ठेवलं तर टक, टक हलतं. बाबांनी उलटंसुलटं करून पाहिलं, काठावरून अंगठा फिरवला. माती ओल्यापासून शेवटच्या भट्टीपर्यंत दहा-बारा टक्के आक्रसते, हे मी माप घेताना विसरले होते.

"तिची भाकरी मावायची नाही यात," बाबा म्हणाले.

"लहान थापीन."

त्यांनी डबा उघडून पाहिला. "बाजरीचं पीठ संपलंय. उद्या दळून आणतो."